घोडबंदर रोडचे काचबिंदूवाले उंदीर

माझा उजवा डोळा गेला तेव्हा त्याने मला कळवलंसुद्धा नाही. दुखला नाही, लाल झाला नाही, पाणी आलं नाही. एक दिवस डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तो चोळत उभा होतो, तर उजव्याने समोरची म्हैस दिसेना. काचबिंदू, तोही जुनाट, हळूहळू पोखरणारा. मी जनावरांचा सरकारी डॉक्टर. उभी नोकरी बैलांच्या आणि म्हशींच्या डोळ्यांत बॅटरी मारण्यात गेली, आणि स्वतःच्या डोळ्याचा पत्ता नाही. तेव्हापासून डाव्यात नेमाने थेंब घालतो. नजरेचा घेर अधूनमधून तपासून घ्या असं डॉक्टर म्हणाले होते, पण मी म्हणायचो, दिसतंय की.

तर हा एक शिल्लक राहिलेला डोळा घेऊन मी यंदा नवरात्रात डोंबिवलीला आणि ठाण्याला जाऊन आलो. वाईत पारावरची मंडळी विचारतात, एवढा लांब गेलात, बघितलंत काय? मी सांगतो, उंदीर बघितले. हसतात. हसू देत बापडे. मी जे बघून आलोय ते बघायला त्यांच्यापैकी कुणी जाणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

डोंबिवली

एसटीचा प्रवास सांगत बसत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नसतं. धाकटी बहीण सुमन लग्न करून डोंबिवलीला गेली आणि तिथलीच झाली. आता तिला वाईची थंडी सोसत नाही, आणि मला तिच्या चौथ्या मजल्यावर कोंडल्यासारखं होतं. पण अष्टमीच्या दिवशी तिच्या दारात उभा राहिलो तेव्हा आतून दाण्याच्या आमटीचा वास आला आणि सगळा शीण गेला.

पानात तिने वरीचे तांदूळ वाढले. आम्ही त्यालाच भगर म्हणतो आणि मिरची ठेचून घालतो. सुमन आता आमटीत गूळ घालायला लागली आहे. तसं बोललो तर म्हणाली, "दादा, गपचूप जेव." जेवता जेवता माझा हात लागून ताकाचं भांडं कलंडलं. "अरे, समोर तर होतं," ती म्हणाली. मी तिच्या स्वयंपाकघरावर खापर फोडलं. एवढ्याशा जागेत माणूस वळणार कुठे?

सुमनची मुलगी मृणाल संध्याकाळी कामावरून आली. ही घोडबंदर रोडवरच्या एका संशोधन संस्थेत आहे. मला माहीत होतं ते इतकंच, की ती डोळ्यांवर काहीतरी काम करते. चहा पिताना विचारलं, नक्की काय करतेस?

"उंदरांना काचबिंदू आणते, मामा," ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करतेय. "रोग बरा करायचा सोडून तू आणतेस?"

"अरे, आणल्याशिवाय बरा कसा करणार? औषध पारखायला आधी तसा आजारी डोळा पाहिजे ना." तिने बिस्किट चहात बुडवलं. "आणि आणायचा तोही तुझ्यासारखा. डोळ्यातला दाब एकदम वाढवणं सोपं आहे, त्याने डोळा दोन दिवसांत खलास होतो. पण माणसाचं तसं नसतं. दाब थोडासाच वाढला पाहिजे आणि महिनोन्महिने तसाच राहिला पाहिजे. आमचा कधी चढतो आणि उतरतो, कधी चढतच नाही. या वेळच्या उंदरांचा टिकलाय असं वाटतंय. टच वूड."

जो रोग मी शत्रू म्हणून अंगावर वागवतोय, तो आणता यावा म्हणून माझी भाची धडपडतेय, हे पचायला अख्खी रात्र लागली. सकाळी उठल्यावर तिला म्हणालो, मला ने.

घोडबंदर रोड

खंडेनवमी होती. घोडबंदर रोडवर गाड्या चालत नाहीत, सरकतात, आणि त्या दिवशी तर प्रत्येक गाडीच्या नाकावर झेंडूची माळ. बस, टेम्पो, काँक्रीट कालवणारे ते अवाढव्य ट्रक, सगळे नवरदेव. दोन्ही बाजूंना इतके उंच टॉवर की वरचा मजला बघायला मान मोडावी लागते. मी बाहेर बघत होतो आणि मृणाल घड्याळ बघत होती.

प्राण्यांचं घर सांभाळायला तिथे भोईर नावाचे गृहस्थ आहेत, माझ्याच वयाचे, जवळच्याच गावचे. गाव आता टॉवरांच्या मधोमध सापडलंय. मी गुरांचा डॉक्टर म्हटल्यावर त्यांनी माझा हातच धरला. "आमचे गावान पन गुरं व्हती ओ डॉक्टर. आता गुरं नाय, मानसांनाच जागा नाय." मग म्हणाले, "पूजा तुमचेच हातानी करू. मोठं मानूस आलंय."

बाहेरच्या खोलीत पाटावर लाल कापड घालून त्यावर सगळी हत्यारं मांडली होती. आमच्याकडे या दिवशी नांगर, विळा, कुऱ्हाड मांडतात. मी नोकरीत असताना माझी बॅग मांडायचो आणि बैल खच्ची करायच्या चिमट्यालाही फूल वाहायचो. इथे सूक्ष्मदर्शकाची भिंगं होती, बारीक कात्र्या होत्या, आणि मधोमध तळहातात मावेल असं एक यंत्र. उंदराच्या डोळ्यातला दाब मोजायचं. मी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. यंत्राच्या कपाळावर चिमूटभर हळद जरा जास्तच लावली. भोईरांनी नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं मिळालं आणि कामाला सुरुवात झाली.

उंदरांच्या खोलीत जायचं तर आधी हातपाय धुवायचे, वरून डगला, डोक्याला टोपी, पायात तिथल्याच चपला. अत्तर चालत नाही, बाम चालत नाही. अनोळखी वासाने उंदीर बिथरतात आणि बिथरले की दाब वाढतो. आत गेलो तर सगळीकडे मंद लाल उजेड. "त्यांना लाल जवळपास दिसतच नाही," मृणाल हळू आवाजात म्हणाली. "त्यांच्यासाठी ही रात्र आहे. उंदीर रात्री जागतात, म्हणून आम्ही त्यांचा दिवस उलटा केलाय."

बाहेर भर दुपारी सगळं ठाणं हॉर्न वाजवत होतं आणि आत या जिवांची रात्र चालू होती. माणसाने एवढ्याशा प्राण्याची रात्र सांभाळून ठेवलेली मी कधी पाहिली नव्हती. मी दारातच थांबलो. मृणालला वाटलं मला दिसत नाही, म्हणून तिने माझा दंड धरला.

हे उंदीर म्हणजे डोक्यावर काळी टोपी आणि अंगाने पांढरे. त्यातला एक मागच्या पायांवर बसून मिशा साफ करत होता, पेढीवर बसल्यासारखा. भोईर त्याला शेट म्हणतात. उंदरांना नावं ठेवायची नाहीत असा नियम आहे म्हणे, पण भोईरांनी ठेवलंय आणि आता सगळेच शेट म्हणतात.

"याच्या उजव्या डोळ्यात, त्याला झोपवून, अगदी बारीक मणी सोडलेत," मृणालने सांगितलं. "डोळ्यात पाणी तयार होतं आणि एका कोपऱ्यातून निचरा होतो. मणी त्या कोपऱ्यात अडकतात. पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि मागची नस मरायला लागते. डावा डोळा तसाच ठेवलाय, तुलनेसाठी."

"म्हणजे उजवा गेलेला आणि डावा शाबूत," मी म्हणालो. "माझा जुळा भाऊच की."

ती हसली नाही. शेटला उचलून तिने एका पेटीतल्या छोट्याशा चौथऱ्यावर ठेवलं. पेटीच्या चारही भिंती म्हणजे पडदे, आणि त्यावर काळेपांढरे पट्टे फिरत होते. वरून कॅमेरा. पट्टे एका दिशेने फिरायला लागले आणि शेटची मान त्यांच्याबरोबर वळली. थांबली, पुन्हा वळली. त्याला कुणी शिकवलेलं नाही. जे सरकतं त्याच्यामागे डोळा जातो, आणि डोळ्यामागे मान. मी पडद्यावर त्याचं ते इवलंसं डोकं वळताना बघत राहिलो. माझ्या हातांनी हजारो जनावरं तपासली, पण जनावराला काय दिसतं हे त्यालाच विचारायची युक्ती कधी सुचली नव्हती.

"आता उलट दिशेने. मघाचं काम डाव्या डोळ्याचं होतं, हे उजव्याचं," मृणाल म्हणाली.

पट्टे उलटे फिरू लागले. शेट स्वस्थ बसला. मिशा हलत होत्या, नाक हलत होतं, मान हलत नव्हती. पट्टे त्याच्या अंगावरून जात होते आणि तो असा बसला होता की जणू पेटी बंदच पडली आहे. त्याला काहीही झालेलं नव्हतं, म्हणजे त्याच्या लेखी. मला कुणी असं पेटीत बसवलं असतं तर माझा उजवा डोळा वाचला असता, हा विचार आल्यावाचून राहिला नाही.

मग तिने सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या उंदराच्या डोळ्याच्या नसेचा काप दाखवला. चांगल्या डोळ्याची नस म्हणजे गच्च भरलेलं बाजरीचं कणीस, दाण्याला दाणा लागलेला. आणि दाबाखाली राहिलेल्या डोळ्याची नस? मधे मधे दाणे गळालेले, रिकामी भगदाडं. एकेक दाणा म्हणजे एकेक धागा, डोळ्यातून मेंदूकडे बातमी नेणारा. इतके धागे तुटतात आणि डोळ्याच्या मालकाला खबर नसते. मी बराच वेळ डोळा भिंगाला लावून होतो. मागे कुणीतरी चहा घेऊन आलं होतं, तो निवून गेला.

चहानंतर मृणालने दाब मोजायला घेतला आणि गोंधळ सुरू झाला. यंत्र कधी आकडा भलताच वर दाखवी, कधी नुसतीच चूक दाखवी. उजव्या डोळ्यांचा दाब चढलेला, ठीक. पण डाव्यांचाही चढलेला. ज्यांना हातही लावलेला नाही अशा उंदरांचासुद्धा. मृणालचा चेहरा पांढरा पडला. इतके महिने सांभाळलेली ही तुकडी. आठवड्याभरात वरिष्ठ येऊन बघणार होते. यात दोष निघाला तर हे काम बंद.

"उंदीर बिथरले असतील. मी आलो म्हणून," मी म्हणालो.

"तसे सगळे एकदम नाही बिथरणार." ती यंत्र घेऊन बाहेर उजेडात गेली. त्याच्या तोंडाशी एक भोक आहे, त्यात एक बारीक सळई बसते. ती पुढे जाऊन डोळ्याला निसटता स्पर्श करून मागे येते, आणि ती कशी मागे येते त्यावरून दाब कळतो. मृणालने यंत्र उलटं करून पांढऱ्या कागदावर टकटक केलं. कागदावर पिवळी पूड पडली.

हळद. मी वाहिलेली.

भोईरांनी कपाळावर हात मारला. "चूक आमची. सळई काडून ठेवली व्हती, भोक बुजवाला पायजे व्हतं." मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मृणालला म्हणालो, अगं, मला वाटलं ते त्याचं कपाळ आहे.

ती रागावली नाही. यंत्र माझ्यासमोर तसंच पाटावर धरून तिने विचारलं, "मामा, हे भोक तुला दिसलं नाही? समोर बघ. मान न हलवता."

मी बघितलं. यंत्राचा वरचा भाग दिसला, पडदा दिसला, बटण दिसलं. खाली काही नव्हतं. काळंही नव्हतं, धूसरही नव्हतं, काहीच नव्हतं. मान खाली घातली तेव्हा भोक होतं तिथेच होतं.

"ताकाचं भांडं," ती म्हणाली. सुमनने तिला सांगितलं असणार. भोईर दुसरीकडे बघू लागले.

टेंभी नाका

ठाण्यात आलास तर टेंभी नाक्याची देवी बघितल्याशिवाय जायचं नाही, असं सुमनने बजावलं होतं. मृणालने यंत्र साफ करायला दिलं आणि मला घेऊन गेली. आमच्या गावची देवी घाटावर, मोजक्या समयांच्या उजेडात बसते. इथे इतका झगमगाट की रस्ताच सोन्याचा वाटावा. ढोल, माणसांचा समुद्र, साबुदाणा वड्यांचे घाणे. एरवी मी या गर्दीला चार शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी नाही घातल्या.

मी एक खेळ करून बघत होतो. देवीच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि मान न हलवता विचार करायचा, खाली काय आहे? मुकुट दिसत होता, डोळे दिसत होते, नथ दिसत होती. पावलं दिसत नव्हती. मान खाली घातली की पावलं, वर केली की गेली. पायरी उतरताना पाय चुकला, मृणालने सावरलं. "भीती वाटते गं," मी म्हणालो. एवढ्या ढोलांत तिला ऐकू जाणार नाही असं वाटलं होतं. तिला ऐकू गेलं.

"परवा कल्याणला नेते तुला," ती म्हणाली. "उद्या दसरा, कुणी भेटणार नाही."

पुन्हा घोडबंदर

दसऱ्याला सगळ्यांना सुट्टी, उंदरांना नाही. श्रीखंड-पुरी खाऊन आम्ही पुन्हा तिथे. स्वच्छ केलेल्या यंत्राने मृणाल एकेका उंदराला फडक्यात धरून, त्याच्याशी हळू बोलत दाब मोजत होती. मी बाहेर बसून होतो. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"डावे नॉर्मल आहेत," ती म्हणाली. "उजव्यांचा थोडासा वाढलेला, आणि तसाच टिकलेला. मामा, झालंय रे. हळूहळू होणारा काचबिंदू झालाय."

मी तिला जवळ घेतलं. आनंदाची गोष्ट होती आणि आनंद झालाही. आत शेटचा उजवा डोळा विझत होता, म्हणून आम्ही बाहेर आनंदात होतो, हेही खरं होतं. मी विचारलं, पुढे त्याचं काय?

मृणालने लपवलं नाही. "काहींना औषध देऊ, काहींना नाही. शेवटी सगळ्यांच्या नसा बघायच्या. मेल्याशिवाय नस बघता येत नाही. त्यांना दुखू देत नाही आम्ही, परवानगी घेऊनच सगळं होतं. पण चांगलं वाटतं असं नाही."

"शेट पन जानार," भोईर म्हणाले. त्यांनी मला आपट्याचं पान दिलं. मी त्यांना दिलं, गळाभेट घेतली.

मला आमच्याकडची खांदमळणी आठवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात, कारण वर्षभर जू त्या खांद्यावर असतं. मी म्हणालो, "तुम्ही हळद चुकीच्या जागी लावता. यंत्राचा खांदा दुखत नाही. ज्याचा दुखतो त्याला लावा की."

"हळदीच्या वासाने ते बिथरतात, मामा," मृणाल म्हणाली. पण ती विचारात पडली.

कल्याण

दवाखाना विठ्ठलवाडीच्या बाजूला होता. तपासायला एक तरुण मुलगी होती, तिने मला एका पांढऱ्या भल्यामोठ्या वाडग्यासमोर बसवलं. हनुवटी टेकवली, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली. मी म्हणालो, त्याला कशाला पट्टी, तो सुट्टीवर आहे. ती हसली. "समोरच्या ठिपक्याकडेच बघायचं काका. आजूबाजूला कुठेही उजेड लुकलुकला की बटण दाबायचं."

सुरू झालं. वर लुकलुकलं, दाबलं. डावीकडे, दाबलं. पुन्हा वर. मला मजा यायला लागली. म्हटलं, हे तर जमतंय. मग सगळं शांत झालं. मी ठिपक्याकडे बघत, अंगठा तयार ठेवून बसलो. काहीच येईना. बराच वेळ काही आलं नाही.

"पोरी, मशीन थांबलंय का?" मी विचारलं.

"नाही काका, चालू आहे."

तिने सहज सांगितलं. माझा अंगठा बटणावर तसाच राहिला. शेट आठवला, त्याच्या अंगावरून जाणारे पट्टे आठवले. मिशा हलवत बसलेला.

डॉक्टरबाईंनी नकाशा दाखवला. खालचा पट्टा काळा होता. "मधली नजर चांगली आहे," त्या म्हणाल्या. "गेलेलं परत आणता येत नाही. राहिलेलं धरून ठेवू. आणखी एक थेंब सुरू करू आणि दाब उतरला नाही तर ऑपरेशन. अजून उशीर केला असतात तर मधलंही गेलं असतं." सुमनही बरोबर आली होती, ती पदराने डोळे पुसत होती. मी तिला म्हणालो, रडू नकोस, चिमूटभर हळदीने वाचलो.

वाईला निघायच्या आधी मृणालला म्हटलं, एकदा शेटकडे ने. तिने का म्हणून विचारलं नाही. हातपाय धुतले, डगला घातला, तिथल्या चपला घातल्या. भोईरांनी दार उघडलं. शेट पिंजऱ्यात खालच्या बाजूला बसला होता, आपला चांगला डोळा आमच्याकडे करून. उजेड लाल होता, म्हणजे त्याच्या लेखी अंधारच. त्याला मी दिसलो नसेन. मलाही तो दिसत नव्हता. मी हात जोडले. आता खालचं काही बघायचं तर मला मान पार खाली घालावी लागते. मी घातली, आणि मग तो दिसला.